आमच्या घरी असं कोणी बोलत नाही

माझी आई आम्हा दोघी बहिणींना नावानं हाक मारायची ती फक्त पाहुण्यांसमोर. एरवी ताई म्हणजे मोठी पोट्टी आणि मी लहानी पोट्टी. आमच्या अमरावतीकडे पोट्टी म्हणजे मुलगी आणि पोट्टं म्हणजे मूल. त्यात शिवी नाही, लाडही नाही. वांग्याला वांगं म्हणावं तसा तो शब्द. आमचं फुलांचं दुकान. फूलबाजारात हळू आवाजात बोलणाऱ्याच्या वाट्याला कालचा माल येतो, त्यामुळे घरात सगळेच खड्या आवाजाचे. आई देवाला फूल वाहतानासुद्धा भांडल्यासारखी बोलायची. ताईचा आवाज तर माझ्याहून मोठा. ती दुकानात बसली की समोरचा चहावाला म्हणायचा, आज मोठी हाये वाटते.

मग ताईचं लग्न झालं. नवरा बँकेत, घर अकोल्यात. तिथे तिच्या तोंडातलं 'मले' जाऊन 'मला' आलं. त्यात गैर काही नाही, मीसुद्धा हे सगळं पुस्तकी मराठीतच लिहिते आहे, शाळेनं तेवढं तरी केलं. पण ताई माहेरी आली की उंबऱ्याच्या आत पाय पडताच ओरडायची, "माय व, मले पयले पाणी दे!" आणि आम्हाला बरं वाटायचं. आई गेल्यावर ते थांबलं. आमच्या घरी कसं बोलत, हे सांगू शकणारी माणसं तेव्हापासून जगात दोनच उरली, ती आणि मी. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

माझा नवरा मुलगी लहान असतानाच अपघातात गेला होता. मी दुकान सांभाळत होते, बरं चाललं होतं. आणि मग मी आजारी पडले. डॉक्टर त्याला बायपोलर म्हणतात. मन कधी इतकं वर जातं की झोप, भूक, भीती काही शिल्लक राहत नाही, आणि नंतर इतकं खाली येतं की उठून तोंड धुवायचंसुद्धा जड जातं. माझं वर गेलं ते ऐन लग्नसराईत. गिऱ्हाइकांसाठी आणलेला सगळा झेंडू टेम्पोत भरून मी मूर्तिजापूरला गेले आणि शकुंतला म्हणजे आमची ती छोटी रेल्वे, तिच्या बंद पडलेल्या स्टेशनावर तोरणं बांधत सुटले. गाडी येणार आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं, फक्त रेल्वेवाल्यांना ते ठाऊक नव्हतं. मुलगी बरोबर होती. शाळेच्या गणवेशात, भर उन्हात, ती मला सुईत दोरा ओवून देत होती. कुणीतरी ओळखीच्यानं ताईला फोन केला. ताई अकोल्याहून आली, मला तिकडच्याच दवाखान्यात घातलं आणि मुलीला आपल्या घरी नेलं.

तेव्हा तिनं जे केलं त्यासाठी मी तिचे पाय धुवायला तयार होते. आजही तेवढ्यापुरती तयार आहे.

लिथियमच्या गोळीनं मला जमिनीवर आणलं. हात थोडे थरथरायचे, तहान लागायची, मधूनमधून रक्त तपासावं लागायचं, पण डोकं माझं मला परत मिळालं. औषधावर माझा राग नाही. कुणी म्हणालं की या गोळ्या म्हणजे नुसतं विष, तर मी त्याला दुकानाच्या पायरीवरून खाली उतरवते. आता एकच गोष्ट राहिली होती, ती म्हणजे मुलगी परत आणायची. ताई म्हणाली, "डॉक्टर म्हणू दे, तू आता स्थिर आहेस. त्या दिवशी मी स्वतः तिला आणून सोडते." हे मला पटलं. माझ्या शब्दावर विश्वास ठेव, असं म्हणायची सोय मीच घालवून बसले होते. डॉक्टरांचा शब्द बरा.

तशात अकोल्याच्या त्या डॉक्टरांकडे एक संशोधन सुरू झालं. लिथियमच्या जोडीला दुसरं एक औषध दिलं तर आजार उलटायचा थांबतो का, आणि द्यायचं तर किती द्यायचं, असा तो प्रश्न. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं, नको वाटलं तर मधूनच सोडता येईल म्हणाले. मी सही केली. एक तर लक्ष ठेवायला इतकी माणसं राहणार, दुसरं म्हणजे शेवटी ते सगळे मिळून सांगणार की ही बाई बरी आहे. आणि खरं सांगायचं तर मला जरा अभिमानही वाटला. पुढे कुठल्या तरी बाईला गोळीचा नेमका डोस मिळेल तो माझ्यामुळे, असं मी चहावाल्यालासुद्धा सांगून टाकलं.

त्यात एक पद्धत होती. औषध देणाऱ्या डॉक्टरांनी आजार मोजायचा नाही. मोजणारं माणूस वेगळं, शक्यतो बाहेरचं, म्हणजे त्याला कुणाबद्दल आपलेपणा नको. म्हणून पुण्याहून एक मुलगी आणली होती. नुकतीच शिकून बाहेर पडलेली, नम्र, नीटनेटकी, प्रत्येक वाक्य पूर्ण करणारी. ती प्रश्न विचारायची आणि गुण द्यायची. झोप किती, उत्साह किती, बोलण्याचा वेग किती, चिडचिड किती. शाळेत जास्त गुण म्हणजे हुशारी, इथे जास्त गुण म्हणजे आजार. गुण वाढले की डॉक्टरांनी डोस वाढवायचा. ते कशावरून वाढले, हे त्यांनी विचारायचं नाही. शिवाय आजारी माणसाला स्वतःचं वर जाणं कळत नाही, म्हणून घरचं एक माणूस बरोबर हवं, त्याला वेगळं बसवून विचारायचे. माझं घरचं माणूस ताई.

पुण्याची ही मुलगी मध्ये मध्ये फोनही करायची, आणि तिचा फोन नेमका गिऱ्हाइकाच्या गर्दीत यायचा.

"नमस्कार मॅडम, आपल्याला बोलायला वेळ आहे का?"

"आता कायचा वेळ? गिऱ्हाईक उभं हाये ना बापा. बोल लवकर, काय इचारून राहिली?"

"आपल्याला या आठवड्यात चिडचिड जाणवली का?"

"मले? मी कावून चिडू? तूच सांग, माही पोट्टी कशी हाये? दिसली का तुले ताईसंग?"

पलीकडे थोडं थांबून ती म्हणायची, "ठीक आहे मॅडम, नंतर करते." मला वाटायचं, किती समजूतदार पोर आहे, गर्दी ओळखते. ती तिकडे काय लिहून घेत होती ते मला काय माहीत!

डोस वाढला. दोन्ही गोळ्यांनी मिळून हाताची थरथर अशी वाढली की सुईत दोरा जाईना. माझ्या जागी हार ओवायला शेजारची बाई बसू लागली. डॉक्टर इकडचेच, दर्यापूरकडचे, माझ्याशी माझ्यासारखंच बोलणारे. ते म्हणाले, "मले तर तुमी बऱ्या वाटून राहिल्या. पण आकडा वर हाये, त्याले मी काय करू?" मी घरी येऊन विचार करत बसायचे की मी नेमकी कुठे वर चालले आहे. झोपते तर आहे. खर्च हात राखून करते आहे. शकुंतलेची आठवणसुद्धा येत नाही. तरीही आकडा म्हणतो वर. हळूहळू मी माझ्यावरचा विश्वास सोडला. जरा हसू आलं की घाबरायचे. गाणं गुणगुणलं की जीभ चावायचे. ज्याला हा आजार झालेला नाही त्याला हे कळायचं नाही. आपल्याला होणारा आनंद आपला आहे की आजाराचा, हे दुसऱ्याला विचारावं लागतं. मी ताईला विचारायचे.

"ताई, मी जास्त बोलून राहिली का आजकाल?"

"जरा जास्तच," ताई म्हणायची, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायची. "होईल बरं. अजून थोडं थांबू आपण."

दर खेपेला ती डबा आणायची. दवाखान्याच्या बाकावर बसून मला स्वतः वाढायची, कारण माझ्या हातून वाटी सांडायची. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला अशी बहीण मिळाली, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

डोस आणखी वाढला तेव्हा माझी जीभ जड झाली. शब्द मनात तयार असायचा, पण तोंडापर्यंत येता येता गिऱ्हाईक निघून जायचं. फोनवर मी नुसतं हो, नाही, बरं एवढंच म्हणू लागले. आणि काय आश्चर्य, माझे गुण उतरायला लागले. संशोधनाच्या भाषेत मला गुण येत होता. दुकान अर्धं बसलं, चहावाला विचारू लागला की बाई रागावल्या का, आणि इकडे मी सुधारत होते.

शेवटच्या तपासण्यांच्या सुमारास पुण्याच्या त्या मुलीच्या कामाची मुदत संपली. दवाखान्याबाहेर चहाच्या टपरीवर तिनं मला थांबवलं. इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, मला हे सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय मला जाववत नाही." तिचे डोळे भरले होते. अकोल्यात ती ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होती, त्या आजी आपल्या नातीला मांडीवर घेऊन भरवताना 'माही पोट्टी, गुणाची पोट्टी' म्हणत होत्या. ते ऐकून ती सटपटली होती. कारण माझ्या बाबतीत तिनं पहिल्यापासून धरलं होतं की ही बाई स्वतःच्या मुलीला वाईट शब्द वापरते, फोनवर अंगावर येते, प्रश्नाला उलट प्रश्न टाकते. चिडचिडीचे गुण तिथून आले होते, बोलण्याचेही.

मला आधी हसूच आलं. पुणेकरांना आमचं बोलणं भांडण वाटतं, हे काय नवीन! मी जड जिभेनं म्हटलं, "जाऊ दे. तुले कसं समजन?"

"नाही मॅडम," ती म्हणाली, "मला पहिल्याच वेळी शंका आली होती. म्हणून मी तुमच्या बहिणीला मुद्दाम विचारलं होतं, तुमच्याकडे सगळे असंच बोलतात का? त्या म्हणाल्या, नाही. आमच्या घरी असं कोणी बोलत नाही. ही आजारी पडल्यापासून असं बोलायला लागली आहे."

चहा माझ्या हातातून सांडला. तिला वाटलं थरथरीनं सांडला.

मी तिथून सरळ ताईच्या घरी गेले. मुलगी शाळेत होती. ताईनं दार उघडलं, हसून म्हणाली, "अगं, अचानक?" मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. पुण्याच्या मुलीनं सांगितलं ते अडखळत का होईना, जसंच्या तसं तिच्यासमोर ठेवलं. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. म्हणेल की त्या पोरीनं चुकीचं ऐकलं. मी ते मानायला तयार होते. खरंच सांगते, तिनं एकदा जरी नाही म्हटलं असतं तरी मी पाणी पिऊन अमरावतीची गाडी धरली असती.

ती म्हणाली, "मग काय सांगायला हवं होतं मी? आपण सगळेच असे अडाण्यासारखे बोलतो म्हणून?"

"खरं सांगाचं होतं. माय आपल्याले काय म्हणे? तुले काय म्हणे ते?"

"आईचं सोड."

"कावून सोडू? माय गेली, आता मी कशी होती ते सांगाले तूच एकटी होती मले. आन तू मले पागल ठरवून आली!"

ताईचा चेहरा लाल झाला आणि तिच्या गळ्यातून तो जुना आवाज आला, फूलबाजारातला. "मंग काय करू? तू नेशीन आन पुन्हा उन्हात उभी करशीन तिले! मले भेव वाटते, भेव! नाई देत मी पोट्टी! माही झाली ते आता!"

पोट्टी म्हणाली ती. वर्षानुवर्षं तोंडात न आलेला शब्द अख्खा बाहेर आला. मला हसू फुटलं. असं मोठ्यानं हसू मला बऱ्याच महिन्यांनी आलं होतं, आणि मी पाहिलं तर ताई मागे सरली होती, फोन हातात घेत होती. माझं हसणंसुद्धा तिच्या कामाचं होतं. मी हसू गिळलं. स्वतःच्या सख्ख्या बहिणीसमोर मला शांत दिसायचं नाटक करावं लागलं. त्या दिवसाचा माझा सगळा राग त्या क्षणावर आहे.

तिला भीती वाटत होती हे मी मानते. मला तिनं तोंडावर म्हणायला हवं होतं की मला तुझी भीती वाटते. आम्ही भांडलो असतो, आमच्या घरी सगळं तसंच मिटायचं. तिनं पाठीवर हात फिरवला आणि आत जाऊन माझी बोली माझ्या आजारात जमा केली. माझ्या भाषेवर डोस वाढवला गेला आणि ती मला चमच्यानं भरवत राहिली. विश्वासघात म्हटला की लोकांना वैरी आठवतो. मला आजही तो डबा आठवतो, आणि त्यातली भाजी चांगली झालेली असायची.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा, पोट्टीवरून डोस वाढवला आपण!" त्यांनी गोळी त्याच दिवशी कमी करायला घेतली. पण दिलेले गुण पुसता येणार नव्हते. ते म्हणाले, घडलं ते मी वर कळवतो, सोबत टीप जोडतो. मी म्हटलं, "टीप कोन वाचते, डॉक्टरसाहेब?" म्हणजे त्या संशोधनात मी कुठेतरी बसलेली आहे. आधी औषधाला दाद न देणारी, मग मोठ्या डोसानं शांत झालेली एक बाई. पुढे कुठल्या तरी बाईला तिच्या घरच्यांसमोर सांगतील की इतका डोस लागतो, आकडे तसं म्हणतात. ज्या बाईसाठी मी फुशारकी मारत होते, तीच ही.

गोळी उतरली तशी जीभ हलकी झाली. लिथियम चालूच आहे, ते मी सोडणार नाही. डॉक्टरांनी ताईला बोलावून स्पष्ट सांगितलं की ही बाई केव्हाचीच स्थिर आहे. ताई मान खाली घालून ऐकत होती. दिलेला शब्द मात्र तिनं पाळला. मुलीला स्वतः घेऊन आली, तिचे कपडे घड्या घालून माझ्या कपाटात लावले, आणि उंबऱ्याबाहेर गेल्यावर रडली. मी तिला थांब म्हटलं नाही.

पहिल्या सकाळी मी दुकानातून आत आले. मुलगी खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसली होती. केवढी उंच झाली होती! माझा जीव इतका भरून आला की मी दारातूनच हाक मारली, आमच्या घरच्या आवाजात, आई मारायची तशी, "काय व पोट्टे! भूक नाई लागून राहिली का तुले? ये ना इकडं, कावून तिथं बसली?"

ती दचकली. पुस्तक मिटून उठली, माझ्याजवळ आली आणि माझा चेहरा निरखून पाहू लागली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून, अगदी हळू, अगदी मायेनं तिनं विचारलं, "आई, आजची गोळी घेतलीस ना?"

"घेतली," मी म्हटलं.

ती तशीच उभी राहिली. मग मी आवाज उतरवला आणि एकेक शब्द जपून म्हटलं, "बाळा, तुला भूक लागली आहे का? जेवायला येतेस?"

तिचा चेहरा सैल झाला आणि ती जेवायला आली.